भिंतीवरचा लिक्विड सोप डिस्पेन्सर: टपकणार नाही अशी रचना कशी करावी?

पाचर
सार्वजनिक वापराच्या बेसिनसाठी भिंतीवर बसवायच्या डिस्पेन्सरची रचना ठरवायची आहे. टाकी १ लिटरची, वरचं झाकण उघडून भरायची. तळव्याने दाबायचा, वीज किंवा बॅटरी नको. रोज साधारण २०० माणसं वापरतील असं धरलंय.

सध्याच्या चित्रात टाकी वर आहे. तिच्या बुडाशी स्प्रिंगची सुईझडप आहे. पट्टी दाबली की सुई मागे सरकते आणि साबण स्वतःच्या वजनाने खाली येतो. सुई, स्प्रिंग आणि एक वॉशर, एवढ्यात काम होतं. माझ्या मते हलणारे भाग जितके कमी तितकं टिकाऊपण जास्त, म्हणून पिस्टन पंप (नळीत दट्ट्या सरकवून साबण ढकलणारा) टाळला आहे.

पण अशी झडप असलेले बहुतेक डिस्पेन्सर काही महिन्यांत टपकू लागतात आणि खालच्या ओट्यावर साबणाचं थारोळं साचतं. दोष झडपेचा आहे की आणखी कशाचा? पिस्टन पंप खरंच इतका चांगला आहे का? आणि टाकीसाठी कोणतं प्लास्टिक घ्यावं?

निळीशाई
टपकण्याआधी मात्रेचं बघा. सुईझडपेला माप नसतं. किती साबण पडेल ते पट्टी किती वेळ दाबली आणि वर साबण किती उंच आहे यावर ठरतं. भरलेल्या टाकीत साबणाची उंची १५ सेंमी असेल तर झडपेवर साधारण १.५ किलोपास्कल दाब असतो. ३ सेंमी उरल्यावर तो ०.३ राहतो, म्हणजे तेवढ्याच वेळात पाचवा हिस्सा साबण येतो. माणसं मग पट्टी धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी टाकी भरली की सवयीने तेवढाच वेळ धरतात आणि ओंजळभर साबण बेसिनमध्ये जातो.

२०० माणसं, प्रत्येकी दोन दाब, दाबाला १ मिली धरलं तर रोजचे ४०० मिली. १ लिटर अडीच दिवस पुरेल. मात्रा दुप्पट झाली तर सव्वा दिवस. सार्वजनिक जागी मात्रा बांधलेलीच हवी आणि ती पिस्टन पंपच देतो.

ओलावा
निळीशाई यांच्याशी सहमत. सुईझडपेची बैठक (सुई जिथे टेकून बंद होते ती जागा) हवेलाच उघडी असते. तिथे साबण वाळून पापुद्रा धरतो, पुढच्या दाबाला तो सुई आणि वॉशर यांच्यामध्ये अडकतो आणि धार सुरू होते. केसाचा एक तुकडा अडकला तरी तेच.

साधासरळ
मला सुईझडप इतकी वाईट वाटत नाही. ती बिघडली तर एक वॉशर बदलून काम भागतं. पंपात दोन झडपा, स्प्रिंग, पिस्टनचं सील आणि दांड्याचं सील असतं. पाचांपैकी एकाने दगा दिला की पूर्ण पंप फेकायचा, कारण बहुतेक कंपन्या सुटे भाग देतच नाहीत. दिवसाला वीसेक दाब पडणार असतील तिथे सुईझडप योग्य. ४०० दाब असतील तिथे तुमचं म्हणणं मान्य.

दट्ट्या
साधासरळ यांचा सुट्या भागांचा मुद्दा रास्त आहे. पण तो पंप कसा बांधला यावरचा आक्षेप आहे. पंप उघडता येईल असा करायचा आणि सील बदलता येतील असे ठेवायचे, एवढंच. आता आकडे, कारण पंपात आकड्यांशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

मात्रा १ मिली. पिस्टनचा व्यास १२ मिमी घेतला तर क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी, म्हणजे दट्ट्या जेमतेम ९ मिमी सरकला की १ मिली बाहेर. १० मिमी व्यास घेतला तर १२.७ मिमी सरकावा लागतो. १२ मिमी बरा, कारण सरक कमी असली की सील कमी झिजतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे नळीचं भोक. चिकट द्रवाला लागणारा दाब त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. जाड साबणाची स्निग्धता, म्हणजे वाहताना होणारा चिकट विरोध, ३००० सेंटिपॉइज धरा (पाण्याची सुमारे १). नळी २० मिमी लांब, भोक ३ मिमी आणि अर्ध्या सेकंदात १ मिली ढकलायचा, तर सुमारे ६० किलोपास्कल लागतात. म्हणजे १२ मिमीच्या पिस्टनवर जवळजवळ ७ न्यूटन. भोक ४ मिमी केलं की तेच काम १९ किलोपास्कल आणि जेमतेम २ न्यूटनमध्ये होतं. प्रत्यक्षात साबण वेगाने ढकलला की थोडा पातळ होतो, त्यामुळे आकडे याहून कमी येतील. प्रमाण मात्र असंच राहतं.

आत येणाऱ्या वाटेचंही तसंच. पट्टी सोडल्यावर स्प्रिंग पिस्टन मागे ओढते आणि त्या ओढीने टाकीतून साबण आत येतो. ही वाट अरुंद असेल तर पंप पुरता भरत नाही, पुढच्या दाबाला अर्धीच मात्रा येते आणि माणूस तीन-चार वेळा दाबतो. ६ मिमी व्यासाची, १० मिमी लांबीची वाट ठेवली तर एका सेकंदात १ मिली भरायला १ किलोपास्कलही पुरतो. तीच ३ मिमी केली तर १५ लागतात.

स्प्रिंग साधारण ८ न्यूटन, सीलचं घर्षण २ ते ३, द्रवाचे २. एकूण १२-१३ न्यूटन झाले. पट्टीची तरफ २:१ ठेवली की हाताला ६-७ न्यूटनच लागतील आणि तळवा १८ मिमी आत जाईल. लहान मुलाला किंवा हातात जोर नसलेल्या माणसालाही जमेल. अमेरिकेच्या एडीए या सुगम्यता मानकात अशा वस्तूंना २२.२ न्यूटनची कमाल मर्यादा आहे. पण जेमतेम तिच्या आत बसणारी रचना मी चांगली म्हणणार नाही.

रानवारा
हे चौथ्या घाताचं प्रकरण आवडलं. नळीचं भोक १ मिमीने वाढवून इतका फरक पडत असेल तर सगळे उत्पादक ते का करत नाहीत?

दट्ट्या
रानवारा, भोक वाढलं की टोकाला लोंबणारा थेंबही मोठा होतो. म्हणून भोक रुंद ठेवायचं आणि बाहेरची झडप अगदी टोकाशी आणायची. झडपेच्या पुढे उरलेली नळी जितकी लांब, तितका साबण तिथे अडकून राहणार आणि नंतर सावकाश गळणार. झडप वर आणि तिच्या खाली ३० मिमीची उघडी नळी असेल तर ४ मिमी भोकात जवळपास ०.४ मिली साबण लटकत असतो. तो गळला की सगळे म्हणतात, झडप लीक झाली. झडप ठणठणीत असते.

कातळ
पाचर, तुमचा प्रश्न होता की दोष झडपेचा आहे की आणखी कशाचा. बऱ्याचदा तो हवेचा असतो.

टाकी अर्धी रिकामी आहे असं धरा, म्हणजे वर ५०० मिली हवा. झाकण घट्ट आणि हवेला वाट नाही. सकाळी २० अंश, दुपारी ३० अंश. हवा साडेतीन टक्के फुगते, म्हणजे १७ मिली जागा जास्त मागते. पाण्याची वाफही वाढते, ती धरली तर आणखी. झाकणातून बाहेर पडता येत नाही, म्हणून ती साबणाला खाली ढकलते. पंपाच्या दोन्ही झडपा त्याच दिशेने उघडणाऱ्या आहेत, तेव्हा साबण थेट बाहेर येतो. हात कोणीच लावलेला नसतो आणि खाली चमचाभराहून जास्त साबण पडलेला असतो. दुपारीच टपकतो, रात्री नाही, अशी तक्रार आली की आधी झाकण बघावं.

उलटं संकटही आहे. वाट बंद असताना पंप साबण काढत राहिला की टाकीत निर्वात तयार होतो. काही दाबांनंतर मात्रा कमी होते, मग पंप बाहेरच्या टोकातूनच हवा आत ओढतो आणि साबणात बुडबुडे दिसू लागतात. टाकीला हवेची वाट ठेवली की दोन्ही त्रास जातात.

रानवारा
वाट म्हणजे झाकणाला भोक पाडायचं? केवढं?

कातळ
१ ते १.५ मिमी पुरे. पण सरळ वर उघडं ठेवू नका. त्यातून धूळ आणि बेसिनचे शिंतोडे आत जातात. भोक झाकणाच्या खालच्या काठाशी, वळण घेऊन बाहेर उघडणारं असावं. टाकी काठोकाठ भरली की साबणाची पातळ फिल्म भोकावर ताणली जाते आणि वाळून बूच बनते. म्हणून भरण्याची खूण झाकणापासून १५ मिमी खाली ठेवा आणि ती आतल्या बाजूला उठावात घाला, छापील नको. छापील खूण साबणाने पुसली जाते.

एक महत्त्वाचं. हवेची वाट दिली की साबणाच्या उंचीचा १.५ किलोपास्कल दाब सतत बाहेरच्या झडपेवर राहणार. ती ३ ते ५ किलोपास्कलला उघडेल इतकी कडक हवी. त्याहून सैल झडप नवी असतानाच गळेल.

अर्धमात्रा
सगळे यंत्रावर बोलताय, साबणावर कोणीच नाही. डिस्पेन्सरच्या अर्ध्या तक्रारी साबणात पाणी घातल्यामुळे असतात.

बहुतेक लिक्विड सोपमध्ये सोडियम लॉरेथ सल्फेट असतं आणि घट्टपणा मिठाने आणलेला असतो. मिठामुळे डिटर्जंटचे बारीक पुंजके लांबट होऊन एकमेकांत गुंततात, म्हणून द्रव जाड होतो. पाणी घातलं की पुंजके सुटतात आणि स्निग्धता घसरते. १० टक्के पाण्याने घट्टपणा १० टक्क्यांनीच कमी होईल असं मुळीच नाही, तो कित्येक पटींनी उतरू शकतो. ज्या झडपेने ३००० सेंटिपॉइजचा साबण सहज अडवला, तिच्या त्याच बारीक फटीतून ३०० चा साबण दहापट वेगाने झिरपतो. पातळ झालेल्या साबणात अंदाजाने मीठ टाकून दुरुस्ती करू नये. एका मर्यादेपर्यंत मीठ जाड करतं, तिच्यापुढे तेच पुन्हा पातळ करतं.

आणि पाण्याने परिरक्षकही (जंतू वाढू न देणारं रसायन) पातळ होतं. साबण आहे म्हणजे त्यात जंतू वाढणार नाहीत, हा समज चुकीचा आहे. परिरक्षक पुरेसं नसेल तर ते मजेत वाढतात.

शुद्धोदक
अर्धमात्रा यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. पाचर, तुमच्या रचनेत मला सर्वांत जास्त खटकतंय ते वरचं झाकण उघडून भरणं.

उघड्या टाकीत जुन्यावर नवा साबण ओतत राहिलं की तळाशी आणि पंपाच्या वाटेत जंतूंचा चिकट थर बसतो. ताजा साबण त्यावरच पडतो. सेराशिया आणि स्यूडोमोनास यांसारखे जंतू अशा टाक्यांत सापडलेले आहेत. दूषित साबणाने धुतल्यावर हातावर धुण्याआधीपेक्षा जास्त जंतू राहू शकतात. अमेरिकेच्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २००२ सालच्या हातांच्या स्वच्छतेच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबणाची भर घालू नये.

माझ्या मते सार्वजनिक जागी बंद पिशवीच हवी. पिशवी आकसत जाते, म्हणून हवेची वाट लागत नाही. कातळ यांनी सांगितलेले दोन्ही त्रास आपोआप टळतात. नळी आणि झडपाही पिशवीबरोबर बदलल्या जातात.

साधासरळ
शुद्धोदक, पिशवी स्वच्छ आहे हे कबूल. पण अडीच दिवसांना एक पिशवी आणि तिच्यासोबत एक पंप कचऱ्यात, म्हणजे वर्षाला दीडशेच्या आसपास. शिवाय एका कंपनीची पिशवी दुसऱ्याच्या खोक्यात बसत नाही. पुरवठा थांबला की डिस्पेन्सर भिंतीवरचं शोभेचं खोकं. मग लोक पिशवीला भोक पाडून फनेलने भरतात आणि हवेची वाट, खूण, झाकण काहीच उरत नाही. उघड्या टाकीपेक्षाही वाईट.

शुद्धोदक
भोक पाडून भरणं होतं हे खरंय, मान्य. तरीही जिथे आजारी माणसं येतात तिथे मी पिशवीवरच ठाम राहीन. बाकी ठिकाणी मधला मार्ग निघतो: टाकी भिंतीवर भरायचीच नाही. ती बाहेर निघणारी करा आणि प्रत्येक डिस्पेन्सरमागे दोन टाक्या ठेवा. रिकामी टाकी काढायची, धुतलेली आणि पूर्ण वाळलेली दुसरी बसवायची. वाळणं महत्त्वाचं, नुसतं विसळून लगेच भरलं तर उरलेल्या पाण्यात परिरक्षक पातळ होतं.

निळीशाई
दोन टाक्यांची कल्पना फार चांगली आहे. टाकी निघणारी असली की तळ सरळ नको, मधल्या भोकाकडे निदान १०-१५ अंशांचा उतार आणि कोपऱ्यांना गोलाई हवी. सपाट तळावर १५-२० मिली जाड साबण कायम राहतो आणि थर बसायला सुरुवात तिथूनच होते. तोंड इतकं रुंद हवं की बाटली घासायचा ब्रश आत जाईल, ५० मिमी तरी.

ओलावा
टाकी आणि पंप धुण्याची पद्धतही द्या कोणीतरी. बहुतेक जण नुसतं पाणी ओततात.

अर्धमात्रा
साबण आधी पूर्ण काढा. ४० ते ५० अंशाच्या पाण्यात पंप १५ मिनिटं बुडवून ठेवा आणि मग पाण्यातच २०-३० वेळा दाबा, फेस यायचा थांबेपर्यंत. झडपेतला वाळलेला पापुद्रा गरम पाण्यातच सुटतो, पिनेने खरवडू नका. सिलिकॉनला चीर पडली की ती झडप गेली.

कठीण पाण्याचा पांढरा थर असेल तर पातळ व्हिनेगर चालतं, पण साबण पूर्ण निघाल्यावरच. तेलापासून केलेल्या खऱ्या पोटॅशियम साबणावर आम्ल पडलं की मेदाम्लं सुटी होतात आणि पंपात चिकट पांढरा गोळा तयार होतो. तो मूळ थरापेक्षा काढायला अवघड. ब्लीच वापरायचं तर वेगळ्या वेळी, खळखळून धुतल्यानंतर. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. पोलादी गोळी किंवा स्प्रिंग आत असेल तर ती ब्लीचमध्ये भिजत ठेवू नका, बारीक खड्डे पडतात.

चक्रधारा
थोडं अवांतर. हात न लावता चालणारा सेन्सरचा डिस्पेन्सर का नको? मात्रा, टपकणं, जंतू, सगळंच सुटेल ना?

निळीशाई
चक्रधारा, पट्टीला हात लागत नाही एवढंच सुटतं, आणि साबणाआधी लागलेला हात त्यानंतर धुतलाच जातो. टाकीतले जंतू तसेच राहतात.

बॅटरीचा हिशोब बघा. चार एए सेल, सुमारे २००० मिलिअँपिअर-तास. सेन्सर जागा राहायला ५० मायक्रोअँपिअर घेत असेल तर नुसत्या त्याला चार वर्षांहून जास्त पुरतील. पण मोटर अर्धा अँपिअर ०.६ सेकंद घेते, म्हणजे मात्रेमागे ०.०८ मिलिअँपिअर-तास. २४ हजार मात्रांत सेल संपले. रोज ४०० च्या हिशोबाने ६० दिवस. पाचर यांनी बॅटरी नको म्हटलंय ते योग्यच आहे.

पाणचक्की
सेन्सरमध्येही रचनेचे खड्डे आहेत. अवरक्त एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो आणि परत आलेला प्रकाश ठरावीक पातळीच्या वर गेला की मोटर फिरते. ती पातळी कारखान्यात एकदाच बांधली तर चकचकीत पोलादी बेसिन हात समजलं जातं आणि साबण आपोआप पडत राहतो. उलट पातळी फार वर ठेवली तर गडद त्वचेचा किंवा काळ्या बाहीचा हात दिसत नाही. ज्याला माणसांचे सगळे हात ओळखता येत नाहीत तो डिस्पेन्सर सार्वजनिक जागी लावूच नये. आजूबाजूचा प्रकाश सतत मोजून पातळी बदलणारा किंवा प्रकाशाला परतायला लागलेला वेळ मोजणारा सेन्सर घ्यावा. पंप पेरिस्टाल्टिक (लवचीक नळी रोलरने दाबत साबण पुढे नेणारा) असेल तर रोलरने दाबलेली नळीच झडपेचं काम करते, म्हणून टपकणं कमी. मात्र नळी थकते आणि ती बदलता आली पाहिजे.

फेसाळ
फेसाच्या पंपाबद्दलही एक ओळ: त्यात हवा आणि पातळ द्रव जाळीतून एकत्र जातात, म्हणून तिथे जाड साबण चालत नाही. जाळी तुंबते. कण असलेला साबण कुठल्याच पंपात घालू नये, कण झडपेच्या बैठकीवर बसतात. आणि साबणाच्या पंपात सॅनिटायझर नको. पातळ असला तर गळतो आणि त्यातलं अल्कोहोल ॲक्रिलिकच्या खिडकीला बारीक तडे पाडतं.

कातळ
तड्यांवरून पाचर यांचा तिसरा प्रश्न आठवला, त्याला कोणी हात लावला नाही. टाकीसाठी पॉलिप्रॉपिलीन घ्या. साबण प्लास्टिक विरघळवत नाही, पण ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला तो सावकाश चिरतो. पॉलिइथिलीनची या दोषासाठी जी प्रमाण चाचणी आहे ती डिटर्जंटच्या द्रावणातच करतात, इतका तो परिचित आहे. एबीएस प्लास्टिक बाहेरच्या कवचाला ठीक, टाकीला नको. लिंबूवर्गीय सुगंधी तेलांनी एबीएस आणि पॉलिकार्बोनेट दोन्ही तडकतात, आणि तडे नेमके स्क्रूच्या खांबापाशी सुरू होतात कारण ताण तिथेच असतो. म्हणून टाकीत स्क्रू घुसवू नका, ती खाचेत बसवा.

ओ-रिंग (सील करणारं गोल कडं) ईपीडीएम रबराची, झडपा सिलिकॉनच्या. साबणात तेलाचं प्रमाण जास्त असेल तर ओ-रिंग नायट्राइलची, कारण ईपीडीएम तेलात फुगतं. स्प्रिंग साबणाच्या वाटेबाहेर ठेवा. आतच ठेवावी लागली तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस पोलाद. घट्टपणासाठी घातलेल्या मिठातलं क्लोराइड ३०४ प्रतीच्या पोलादाला हळूहळू खातं.

पाणचक्की
भिंतीवर बसवण्याचंही बघू. लोक वजन मोजतात, पण ते गौण आहे. भरलेला डिस्पेन्सर दीड किलोचा, गुरुत्वमध्य भिंतीपासून ५ सेंमीवर. वरच्या स्क्रूंवर त्याने सुमारे ४ न्यूटन ओढ येते. धोका आहे तो कोणी धरून लोंबकळलं तर. पुढच्या टोकाला, भिंतीपासून ९ सेंमीवर १५० न्यूटन खाली ओढ आली आणि वरचे स्क्रू खालच्या काठापासून २० सेंमीवर असले, तर त्या दोघांवर मिळून ६७ न्यूटन. भरीव भिंतीत ६ मिमीची गिट्टी (स्क्रूसाठी भोकात बसवायची प्लास्टिकची खुंटी) हे सहज सोसते. जिप्सम बोर्डाच्या पोकळ भिंतीत मात्र मागे उघडणारा अँकर लागतो. नुसत्या चिकटपट्टीच्या भरवशावर सार्वजनिक जागी बसवू नये, वरचा काठ आधी सुटतो आणि तिथून ती सोलत जाते.

पट्टी भिंतीच्या दिशेने आत ढकलायची ठेवा, खाली दाबायची नको. आत ढकलली की प्रत्येक दाब खोक्याला भिंतीवर टेकवतो.

टाइल असेल तर खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा म्हणजे ड्रिलचं बिट घसरणार नाही. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. टाइलमधलं भोक गिट्टीपेक्षा १ मिमी मोठं ठेवा आणि गिट्टी टाइलच्या मागच्या भिंतीत पूर्ण जाऊ द्या. ती टाइलमध्येच फुगली तर टाइल तडकते. भोकात थोडं सिलिकॉन सीलंट भरा, पाणी मागे जात नाही.

उंचीसाठी एडीएमध्ये हाताने चालवायच्या भागाची कमाल मर्यादा जमिनीपासून १२२० मिमी आहे. पुढे खोल ओटा असेल तर त्याहून कमी. अंध माणूस काठीने ओळखू शकणार नाही अशा उंचीवर, म्हणजे ६८५ ते २०३० मिमीच्या दरम्यान, भिंतीपासून १०० मिमीपेक्षा जास्त पुढे येऊ नये. पट्टी साधारण १००० मिमीवर घ्या आणि टोक बेसिनच्या आत येईल असं बघा. ओट्यावर पडणारा थेंब पुसावा लागतो, बेसिनमधला वाहून जातो.

पाचर
सगळ्यांचे मनापासून आभार. सुईझडप सोडली. आता चित्र असं: निघणारी पॉलिप्रॉपिलीनची टाकी, दोन नग, उतरता तळ, १२ मिमीचा पिस्टन, भिंतीकडे ढकलायची पट्टी, ४ मिमीचं भोक, झडप टोकाशी.

अजून एक अडतंय. टाकी काढताना बुडाच्या भोकातून साबण सांडणार. तिथे काय करावं? आणि टोकाशी डकबिल झडप (बदकाच्या चोचीसारखे दोन मऊ ओठ असलेली) ठेवली तर ती बाहेरून वाळून चिकटणार नाही का?

दट्ट्या
टाकीच्या बुडाशी वरून दाबाने बंद राहणारी स्प्रिंगची टोपी द्या. टाकी बसवली की पंपाच्या तोंडावरची खुंटी तिला वर उचलते, काढली की ती बंद. हीच तुमची सुईझडप, फक्त ती हवेत नाही तर साबणात बुडलेली राहते, म्हणून वाळत नाही. साधासरळ यांना आनंद होईल.

साधासरळ
झालाच! आणि टोपीचं वॉशर वेगळं मिळेल असं ठेवा.

दट्ट्या
डकबिल वाळते, खरंय. तिचे ओठ कडेच्या बाहीत ३-४ मिमी आत बसवा म्हणजे वारा थेट लागत नाही आणि कोणी बोटाने पुसतही नाही. त्याहून आत नको, नाहीतर मघाशी म्हटलेला अडकलेला साबण पुन्हा आलाच. झडप पूर्ण बंद व्हायच्या आधी पिस्टन किंचित मागे येतो आणि टोकाचा थेंब आत ओढला जातो, त्याचा फायदा घ्या. म्हणजे बाहेरची झडप आतल्या झडपेपेक्षा जरा सावकाश मिटणारी निवडा. फार सावकाश झाली तर हवा आत येईल आणि मात्रा घटेल. हे कागदावर ठरत नाही, दोन-तीन कडकपणाच्या झडपा बसवून बघाव्या लागतात.

कातळ
बसवून बघताना चाचणी अशी घ्या. टाकी अर्धी भरा, कारण हवा जास्त असतानाच दोष दिसतो. पंप १० वेळा दाबून हवा काढा, टोक पुसा, खाली वजन केलेला कागद ठेवा. २० अंशाला रात्रभर, मग ४० अंशाच्या खोलीत चार तास. कागदाचं वजन पुन्हा करा. मग हवेची वाट चिकटपट्टीने बंद करून हेच परत करा. पहिल्या वेळी कागद कोरडा आणि दुसऱ्या वेळी ओला आला तर झडप ठीक आहे आणि वाट तिचं काम करतेय. दोन्ही वेळा ओला आला तर झडप सैल. यानंतर १० टक्के पाणी घातलेल्या साबणावर सगळं पुन्हा करा, कारण कितीही सांगितलं तरी कोणीतरी पाणी घालणारच.

अर्धमात्रा
आणि त्याच पाणी घातलेल्या साबणाची मात्राही मोजा. २० दाबांचं एकत्र वजन करून विसाने भागा, एकेका दाबाचं वजन साध्या काट्यावर नीट येत नाही.

पाचर
घेतो. तिन्ही कडकपणाच्या झडपा मागवल्या की आकडे इथेच टाकेन.